सायकलची ट्यूब रिमच्या बाजूने सारखी पंक्चर होतेय? रिम टेपची तपासणी आणि स्वस्त पर्याय

पंक्चर काढून आणलं, दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चाक पुन्हा बसलेलं. टायरमध्ये काटा नाही, काच नाही, ट्यूबही नवीकोरी. मग कुणीतरी सांगतं टायर बदला. टायर बदलून झाला तरी तेच. आमच्या सोसायटीतल्या आणि आसपासच्या शाळकरी पोरांच्या सायकली रविवारी माझ्याकडे येतात. त्यांत हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय की ट्यूब बाहेर काढल्यावर मी आधी एकच गोष्ट बघतो: भोक कुठल्या अंगाला आहे. रिमच्या अंगाला असेल तर टायरवर पैसे घालवू नका. दोष बहुतेक वेळा रिमच्या आत बसणाऱ्या त्या पट्टीत असतो, जिच्याकडे सायकल घेताना कुणी ढुंकूनही बघत नाही.

ती पट्टी म्हणजे रिम टेप. टायर-ट्यूब काढल्यावर रिमच्या मधल्या खाचेत गोल बसवलेली रबरी, प्लॅस्टिकची किंवा कापडी पट्टी. स्पोकची भोकं आणि निपलची (स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या बारीक नटांची) डोकी तिच्याखाली झाकली जातात, म्हणजे ट्यूब त्यांच्यावर घासत नाही. चांगली नायलॉनची टेप जवळच्या दुकानात मिळाली तर सरळ घ्या, ती फार महाग नसते. अडचण अशी की गल्लीतल्या दुकानात बहुधा पातळ रबरी पट्टीच मिळते, आणि कित्येक सायकलींना आजार तिनेच लावलेला असतो. म्हणून पर्याय शोधावे लागतात.

लक्षणं

रिम टेपचा दोष असेल तर यातलं एक-दोन तरी दिसतंच:

- भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या बाजूला आहे त्या बाजूला. ही मुख्य खूण.
- ट्यूबच्या त्याच अंगाला ठरावीक अंतरावर गोल फुगवटे किंवा चट्टे. हे अंतर स्पोकच्या भोकांमधल्या अंतराएवढं भरतं.
- सायकल नुसती उभी असताना, विशेषतः कडक हवा भरल्यावर किंवा भर उन्हात, ट्यूब फुटणं.
- ट्यूबच्या लांबीच्या दिशेने गेलेली बारीक चीर. ही निपलची नसते. पट्टीची कडक कडा ट्यूबला घासली की अशी चीर पडते.
- टोचल्यासारखं बारीक भोक, दर वेळी जवळपास त्याच जागी. इथे स्पोकचं टोक वर आलेलं असण्याची शक्यता जास्त.

आणि हे दिसलं तर रिम टेपच्या मागे लागू नका. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळलंय आणि ट्यूब रिम-टायरमध्ये चिमटली गेलीय. भोक रस्त्याच्या अंगाला असेल तर काटा, काच किंवा ट्रकच्या फाटक्या टायरमधली बारीक तार. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर तो वेगळा मामला आहे, त्याकडे खाली येतो.

आधी फुकटातलं: खडू

ट्यूब ओढून काढायच्या आधी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूने रेघ मारा. ट्यूबच्या उजव्या अंगाला एक फुली करा, नाहीतर बाहेर आल्यावर ती कोणत्या बाजूने बसली होती हे कळत नाही. मग ट्यूबमध्ये हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवा, बुडबुडे येतात तिथे पेनाने गोल करा, आणि ट्यूब रिमवर होती तशी धरून बघा. गोल नेमका एखाद्या स्पोकच्या भोकावर आला, तर शोध तिथेच संपला. टायरच्या रेघेवरून काट्याची जागाही अशीच सापडते.

हे सोडून लोक थेट ठिगळ लावायला घेतात. मग भोक कशाने पडलं हे कधीच कळत नाही आणि ठिगळांची माळ तयार होते. फुगवट्यावर पडलेल्या भोकाला ठिगळ टिकत नाही हेही लक्षात ठेवा. तिथलं रबर ताणून पातळ झालेलं असतं, त्यामुळे आज चिकटलेलं ठिगळ हवा भरल्यावर कडेने सुटतं.

दोन रुपयांचा संशय: व्हॉल्व्ह

भोकच सापडत नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचा फेस किंवा थुंकी लावा. काळ्या घोड्याला, म्हणजे जुन्या दांडीच्या सायकलला, आत बारीक रबरी वॉल ट्यूब असते. ती उन्हाने कडक होते, चिरते आणि रात्रभरात हवा सोडते. ती किरकोळ पैशांत मिळते, बदला आणि मोकळे व्हा. हे तपासायला मिनिटही लागत नाही, आणि न तपासल्यामुळे चांगल्या ट्यूब फेकल्या गेलेल्या मी पाहिल्यात.

पट्टी नीट बघा, पण लगेच उचकटू नका

पट्टी जागेवर असतानाच चाक उजेडात धरून सावकाश फिरवा. कुठे सरकून एका कडेला गेलीय का? एखाद्या भोकाची कड उघडी दिसते का? पट्टीला प्रत्येक भोकावर वाटीसारखा खड्डा पडलाय का? रबरी असेल तर बोटाने थोडी ताणा. तडे दिसले किंवा ती परत आवळली नाही, तर तिचं आयुष्य संपलंय. खड्डे पडलेली प्लॅस्टिकची पट्टी उलटी करून वापरायची युक्ती काही जण सांगतात. नको. तिचं प्लॅस्टिक एकदा ताणलं गेलंय, ते दुसऱ्या बाजूनेही तसंच खाली जाणार.

याच वेळी तुमची रिम कोणत्या प्रकारची आहे ते बघून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पट्टी जराशी बाजूला केल्यावर निपलची डोकी तिथेच खाचेच्या तळाला दिसत असतील तर रिम एकेरी भिंतीची. साध्या लोखंडी रिम, लहान मुलांच्या सायकली, दूधवाल्याची सायकल यांत हीच असते. मोठं भोक दिसत असेल आणि निपल त्याच्या आत खोलवर असेल, तर रिम दुहेरी भिंतीची. गिअरच्या सायकलींच्या अॅल्युमिनियम रिम बहुतेक अशाच.

एकेरी रिमवर पट्टीला ट्यूब फक्त घासण्यापासून वाचवायची असते. दुहेरी रिमवर तिचं काम खूप कठीण आहे. भोक साधारण ९ मिलिमीटर व्यासाचं धरा. हवा ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर त्या एका भोकावर पट्टीला सुमारे पावणेतीन किलोचा भार पेलायचा असतो. रोड सायकलच्या १०० पीएसआयला तो साडेचार किलोच्या आसपास जातो. आणि हा भार सायकल उभी असतानाही रात्रंदिवस असतो. पट्टी मऊ किंवा ताणणारी असेल, तर सैल नवारीच्या बाजेवर माणूस जसा मध्ये जातो तशी ट्यूब भोकात जाते, भोकाच्या कडेवर पातळ होते आणि एक दिवस फाटते.

म्हणून पर्याय निवडताना जाडी बघू नका, मऊपणा बघू नका, किती चिकटते तेही नंतर बघा. दोन्ही हातांत धरून जोरात ओढा. ताणली गेली तर ती दुहेरी रिमसाठी बाद.

पट्टीच्या खालचं

आता पट्टी काढा. नवी लावण्याआधी खालची रिम साफ नसेल तर कितीही चांगली टेप वाया जाते.

कापसाचा बोळा रिमच्या आतून पूर्ण गोल फिरवा. उघडं बोट फिरवू नका, कापून घ्याल. जिथे कापूस अडकेल तिथे काहीतरी टोकदार आहे. एकेरी रिमवर बहुधा निपलमधून वर आलेलं स्पोकचं टोक असतं. चाकाचा आउट काढताना, म्हणजे डुलणारं चाक स्पोक आवळून सरळ करताना, निपल आवळत गेलं की स्पोक वर सरकतो, आणि बऱ्याच वेळा पंक्चरची मालिका आउट काढून आणल्यानंतरच सुरू होते. बारीक कानशीने ते टोक निपलच्या डोक्याच्या पातळीवर आणा. ग्राइंडर लावू नका, निपल तापतं आणि डोकं कापलं जातं. कानस मारताना भुकटी रिममध्ये राहू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला रिमचा सांधा असतो. स्वस्त रिमला तिथे कधी कधी धारदार कड राहिलेली असते. व्हॉल्व्हच्या भोकाच्या कडाही हाताला लागतात का बघा. दोन्हींना बारीक काचपेपर पुरतो.

लोखंडी रिम असेल तर गंज. पावसाळ्यात पाणी स्पोकच्या भोकांतून आत जातं आणि पट्टीखाली साठून राहतं. सुटलेले पापुद्रे काचपेपरने घासून काढा, फडक्याने पुसा, चाक उन्हात वाळू द्या. ओल्या किंवा भुकटी राहिलेल्या रिमवर कोणतीच टेप चिकटत नाही. जुना गोंद चिकट राहिला असेल तर फडक्याला थोडं पेट्रोल लावून मोकळ्या जागेत पुसा. आसपास विडी-काडी नको, आणि पूर्ण वाळल्याशिवाय ट्यूब घालू नका, कारण पेट्रोलने रबर फुगतं.

पर्याय

*जुन्या ट्यूबची पट्टी.* फुकट. एकेरी भिंतीच्या लोखंडी रिमला अगदी योग्य, आणि खेड्यापाड्यातले मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. ट्यूब आडवी कापून लांब पट्टी काढण्याऐवजी कात्रीने गोलाकार कापत जा, म्हणजे न जोडलेलं अखंड कडं मिळतं. रिमच्या मापापेक्षा एक माप लहान ट्यूब घेतली तर कडं आवळून बसतं आणि सरकत नाही. २८ इंची काळ्या घोड्याला २६ इंचीची ट्यूब. व्हॉल्व्हची रेष बाजूला सोडून आतल्या अंगाचा भाग घ्या, बाहेरचा अंग परिघाने मोठा असल्याने सैल पडतो. व्हॉल्व्हसाठी नवं भोक पाडा, गरजेपेक्षा लहानच, रबर ताणून बसतं.

दुहेरी रिमला मात्र ही पट्टी लावू नका. रबर ताणतं, एवढंच कारण पुरेसं आहे. दोन थर दिले तरी दोन्ही थर भोकात जातात.

*इन्सुलेशन टेप.* घरात हमखास असते, म्हणून सगळे आधी हीच लावतात. वायरमनची टेप मुद्दाम ताणण्यासाठीच बनवलेली आहे. वर उन्हात तिचा गोंद पातळ होऊन टेप सरकते, ट्यूबला काळं चिकट लागतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. रस्त्यात अडकलात आणि घर गाठायचंय तर तीन-चार थर गुंडाळा, हवा जेमतेम ठेवा, घरी आल्यावर काढून टाका.

*औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी.* माझी पहिली पसंती हीच. ड्रेसिंग बांधायला वापरतात ती झिंक ऑक्साइडची कापडी पट्टी, गावाकडे सगळे जिला ल्युकोप्लास्ट म्हणतात ती. कापड सुती, विणलेलं, लांबीच्या दिशेने ताणत नाही. फ्रान्सच्या वेलॉक्स कंपनीची सायकलसाठीची जी नावाजलेली टेप आहे तीही चिकट सुती कापडाचीच. औषधाच्या दुकानातली पट्टी तिच्याइतकी जाड विणीची नसते, म्हणून दुहेरी रिमला दोन थर द्यायचे. सव्वा, अडीच आणि पाच सेंटिमीटर रुंदीत मिळते. ७०० सी चाकाला (रोड सायकलचं नेहमीचं माप) एका वेढ्याला जवळपास दोन मीटर लागते, २६ इंचीला पावणेदोन. म्हणजे दोन चाकांना दोन-दोन थर द्यायचे तर सात-आठ मीटर धरून रीळ घ्या. दुकानदाराला स्पष्ट सांगा: कापडी हवी, कागदी नको, ताणणारी क्रेप बँडेज तर मुळीच नको. कागदी सर्जिकल टेप पांढरी आणि तशीच दिसते, पण पहिल्याच कडक हवेत फाटते.

तिचा एक दोष आहे. सुती कापड पाणी धरून ठेवतं. कोकणात किंवा जिथे चार महिने सायकल भिजतच असते तिथे लोखंडी निपल आतून गंजतात आणि पुढे आउट काढायची वेळ आली की फिरत नाहीत. तिथे पुढचा पर्याय बरा.

*धाग्यांची पॅकिंग टेप.* पारदर्शक टेप, आत लांबीच्या दिशेने पांढरे काचतंतू दिसतात. जड खोकी बांधायला वापरतात. पुण्यात बोहरी आळीसारख्या ठिकाणी, नाहीतर कोणत्याही मोठ्या पॅकिंग सामानाच्या दुकानात मिळेल. ओढून बघा, हाताने तुटत नाही आणि ताणत तर नाहीच. पाणी पीत नाही. एकच थर पुष्कळ मजबूत असतो, तरी मी दोन देतो, कारण ही टेप लांबीच्या दिशेने चिरली जाऊ शकते. कात्रीने कापल्यावर टोकाला निघालेल्या तंतूंवर हात फिरवू नका, कुसळासारखे घुसतात. त्या टोकावर कापडी पट्टीचा छोटा तुकडा चिकटवा, ट्यूबला टोचणार नाही.

*डक्ट टेप.* चालते, पण नाइलाज म्हणून. आत कापडाची जाळी असल्याने ताण सहन होतो, गोंद मात्र भरपूर आणि गरमीत वाहणारा. रुंदी जास्त असते, हाताने उभी फाडून मापाची करावी लागते, कडा ओबडधोबड राहतात. शिवाय जाड आहे. दोन थरांत खाच भरून येते, मग टायर चढवायला जोर लागतो, माणूस स्क्रू ड्रायव्हर घालतो आणि ट्यूब तिथेच चिमटते. एक पंक्चर वाचवायला दुसरं केलं, असला प्रकार.

*खोक्याला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी.* नव्या फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्यावर असते ती पिवळी-पांढरी कडक पट्टी. भोकावर मुळीच वाकत नाही, हा तिचा गुण. कडा ब्लेडसारख्या, हा अवगुण, आणि लांबीच्या दिशेच्या चिरा पडतात त्या अशाच कडांनी. वापरायचीच असेल तर खाली ही आणि वर तिच्यापेक्षा रुंद कापडी चिकटपट्टी, कडा पूर्ण झाकून. एवढी खटपट करण्यापेक्षा दुसरं काहीही बरं.

*खाकी पॅकिंग टेप, सेलोटेप.* नाही. ताणत नाहीत हे खरं, पण जराशी चीर पडली की सरळ फाटत जातात.

सिंहगडासारख्या उतारावर रिम पकडणारे ब्रेक लावत येणारांसाठी एक गोष्ट. सतत ब्रेक धरल्याने रिम हाताला चटका बसण्याइतकी तापते, आणि आतला गोंद तिथे वितळतो. अशांनी डक्ट टेप आणि इन्सुलेशन टेप विसरावी. कापडी पट्टी किंवा दुकानातली खरी नायलॉनची टेपच. डिस्क ब्रेक असतील तर रिम तापत नाही, हा प्रश्न नाही.

रुंदी आणि बसवणं

पट्टी खाचेच्या तळाला एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पुरली पाहिजे, पण टायरच्या कडेतली तार जिथे बसते त्या कडेवर चढता कामा नये. अरुंद असली तर सरकून भोक उघडं पडतं. रुंद असली तर टायर नीट बसत नाही, चाक फिरवलं की एका जागी उडी मारल्यासारखा दिसतो, आणि जास्त हवेत निसटूही शकतो. माप घ्यायला कागदाची पट्टी खाचेत दाबून दुमडा आणि मोजपट्टीवर धरा. दुकानातली टेप घेताना पाकिटावर १८-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं: पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमचा व्यास. ७०० सी आणि २९ इंची दोन्हींना ६२२, साडेसत्तावीसला ५८४, २६ इंची एमटीबीला (डोंगरी सायकलला) ५५९, २८ इंची काळ्या घोड्याला ६३५. २६ इंची म्हटलं की एकच माप असं नाही, जुन्या सडपातळ २६ इंचीला ५९० लागतो. टायरच्या अंगावर आकडा छापलेला असतो, तो वाचूनच दुकानात जा.

चिकटपट्टीची सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकापासून चार बोटं अलीकडे करा आणि शेवट त्याच्या चार बोटं पलीकडे, म्हणजे व्हॉल्व्हपाशी एक थर जास्त येतो. चाक मांडीवर किंवा उलट्या सायकलवर धरून पट्टी ताण देत चिकटवत जा. सैल चिकटवलेली पट्टी पुढे सुरकुतते आणि सुरकुतीवर ट्यूब घासते. प्रत्येक वीतभर झालं की अंगठ्याने मधून कडेकडे दाबा. सगळी झाली की चमच्याच्या पाठीने एकदा घासून घ्या, हवेचे फुगे निघून जातात.

व्हॉल्व्हचं भोक रिमच्या बाहेरून पाडा. कापडी पट्टीला दाभण, धाग्यांच्या टेपला तापवलेला खिळा. ब्लेडने फुली मारू नका, फुलीची टोकं तिथून फाटत जातात. भोक व्हॉल्व्हला घट्ट बसेल एवढंच. रिमचं भोक साध्या जाड व्हॉल्व्हसाठी साडेआठ मिलिमीटरचं आणि तुमची ट्यूब बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची असेल, तर आजूबाजूच्या फटीतून ट्यूब बाहेर डोकावते आणि बुडाशी फाटते. जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा गोल तुकडा मध्ये बारीक भोक पाडून व्हॉल्व्हमध्ये ओवा, फट झाकली जाते. बुडाशी फाटण्याचं दुसरं कारण कमी हवा. टायर रिमवर हळूहळू सरकतो, ट्यूब बरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरका दिसू लागतो. तिरका दिसला की हवा सोडून सरळ करा, मग भरा.

ट्यूबवर चिमूटभर टाल्कम पावडर चोळली की ती टेपच्या गोंदाला चिकटत नाही, पुढच्या वेळी ओढताना पट्टी उपटून येत नाही. ट्यूब किंचित फुगवून घाला, टायर हातानेच चढवा, शेवटचा भाग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला न येता व्हॉल्व्हपाशीच यावा. आधी अर्धी हवा भरून चाक फिरवा, दोन्ही बाजूंनी टायरची कडा सारखी दिसते का पाहा, मगच पूर्ण भरा. किती भरायची ते टायरच्या अंगावर लिहिलेलं असतं. पेट्रोल पंपावरचा किंवा गॅरेजमधला कॉम्प्रेसर सायकलच्या ट्यूबसाठी घाईचा आहे, हातपंपाने भरा. नव्या टेपवर पहिले दोन-तीन दिवस रोज हवा बघा, आणि आठवडाभराने एकदा टायर उघडून पट्टी सरकली नाही ना याची खात्री करा. एवढं पाहिलं की पुन्हा उघडायची गरज नसते.

इथे थांबा आणि मिस्त्रीकडे न्या

काही गोष्टी टेपने सुटत नाहीत, आणि घरी खटपट करणं धोक्याचं ठरतं.

स्पोकच्या भोकाभोवती केसासारखे तडे दिसले, किंवा निपल रिममधून वर खेचल्यासारखं दिसलं, तर रिम बाद झालीय. त्यावर टेप लावून सायकल चालवू नका, चाक चालता चालता मोडतं. रिम पकडणाऱ्या ब्रेकच्या सायकलीत ब्रेक घासतो ती रिमची बाहेरची जागा बोटाला खोलगट लागली तर भिंत पातळ झालीय, हवेच्या दाबाने ती बाहेर फुटू शकते. खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली असेल तर पान्याने सरळ करायला जाऊ नका. अॅल्युमिनियम वाकवलं की तिथेच चिरतं.

स्पोकची टोकं एकदा कानशीने घासल्यावर महिन्याभरात पुन्हा वर आली तर स्पोकची लांबीच चुकलेली आहे किंवा चाकाचा ताण सारखा बदलतोय. त्याला स्पोक बदलून चाक नीट बांधणारा हवा, नुसता आउट काढणारा नको. जाताना विचारा की चाक स्वतः बांधतात का. कित्येक ठिकाणी आउट तेवढा काढतात, बांधणी दुसरीकडे पाठवतात.

कार्बनच्या रिमला कानस, काचपेपर, पेट्रोल काहीच लावू नका. तिला कंपनी सांगेल तीच टेप. ट्यूबलेस चाकाला हवा न सुटू देणारी वेगळी टेप लागते, वरचा कोणताही पर्याय तिथे चालणार नाही. बॅटरीच्या सायकलचं मोटर असलेलं चाक तारा कशा काढायच्या हे माहीत नसेल तर खोलू नका. पंक्चर काढायला चाक पूर्ण काढावंच लागतं असं नाही. ट्यूब एका बाजूने बाहेर काढून ठिगळ लावता येतं, पण टेप बदलायची तर चाक उतरवावंच लागेल, आणि ते काम दुकानातच होऊ द्या.

आणि हे सगळं नीट करूनही त्याच जागी तिसऱ्यांदा भोक पडलं, तर ट्यूबवरची खडूची खूण आणि पेनाचा गोल न पुसता ट्यूब आणि चाक दोन्ही घेऊन जा. फक्त ट्यूब नेली तर मिस्त्री फक्त ठिगळ लावून देईल.